दिसणारी यंत्रे, न दिसणारे हात : खाद्यनिर्मितीविषयक दूरचित्रवाणी मालिकांची समीक्षा

प्रस्तावना :
पाकीटबंद खाद्यपदार्थ कसे तयार होतात, हे दाखविणाऱ्या मालिकांनी गेल्या पाव शतकात मोठा प्रेक्षकवर्ग मिळविला आहे. कॅनडातील 'हाऊ इट्स मेड' (२००१ ते २०१९) या मालिकेत इतर वस्तूंबरोबर खाद्यपदार्थांचीही निर्मिती दाखविली गेली; बीबीसीची 'इनसाइड द फॅक्टरी' २०१५ मध्ये सुरू झाली. या मालिका 'निर्मिती' कशाला म्हणतात, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन :
'हाऊ इट्स मेड'मध्ये निवेदकाचा आवाज, पार्श्वसंगीत आणि सरकता पट्टा एवढ्यांवर दृश्याची लय उभी राहते. ही लय मोहक आहे आणि तिचे शैक्षणिक मूल्यही नाकारता येत नाही. तापमान, वजन व प्रमाण यांचे भान प्रेक्षकाला येते. परंतु कथा बहुधा कारखान्याच्या दारापासून सुरू होते. धान्य पिकविणारा शेतकरी तिच्यात क्वचितच येतो. कामगाराचा हात दिसतो, तो प्रामुख्याने यंत्राला साथ देताना. बीबीसीच्या मालिकेत कामगार बोलतात, पण मुख्यतः प्रक्रियेविषयी. वेतन आणि मालकी हे विषय बाजूलाच राहतात.

या दृष्टीची मर्यादा लिज्जत पापडाच्या उदाहरणातून स्पष्ट होते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग आरंभिला. पीठ शाखेत मळले जाते. सभासद भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, वाळवतात आणि शाखेत परत आणून देतात. लाटणाऱ्या भगिनी संस्थेच्या सहमालकही आहेत. येथे निर्मितीचा गाभा पोळपाट-लाटण्यावर आणि सहकारी मालकीवर आहे. केवळ यंत्राचा वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याला येथे पाकिटे भरण्यापलीकडे फारसे काही गवसणार नाही.

कारखान्याविषयी वेगळ्या रीतीने बोलता येते, याचा दाखला औंध संस्थानाच्या इतिहासातच आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी संस्थानच्या भूमीवर किर्लोस्करवाडी वसविली. तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या वार्तेपासून निघालेले हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि सामाजिक सुधारणेच्या चर्चेचे व्यासपीठ ठरले. ते एका उद्योगाचेच प्रकाशन होते, हे खरे. तरीही नांगरापासून निघालेली वार्ता माणसापर्यंत पोहोचली.

निष्कर्ष :
या मालिका 'कसे' या प्रश्नाचे उत्तर उत्तम देतात. 'कोणी' आणि 'कोणत्या अटींवर' हे प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवतात. पाकिटावरील घटकांची यादी वाचणारा विद्यार्थी पदार्थात काय आहे, हे जाणेल. त्यामागील श्रम त्याला यादीत सापडणार नाहीत. म्हणून अशा मालिका वर्गात अवश्य दाखवाव्यात, परंतु पडदा बंद झाल्यावर हे दोन प्रश्न अध्यापकाने विचारावेत. अन्यथा अन्न यंत्रातूनच उगवते, असा समज दृढ होईल आणि शेतकऱ्याच्या पोराला आपल्याच बापाचे श्रम त्या पाकिटात ओळखू येणार नाहीत.