'पालकाचा व्यवसाय' आणि लेखकाचा परिचय

शाळेच्या प्रवेश अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. उर्दू माध्यमाच्या आमच्या शाळेत जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की पुष्कळदा हा रकाना आम्हालाच भरावा लागतो. मुलाची आई टेबलासमोर उभी असते. 'अब्बा क्या काम करते?' असे विचारले की कोणी 'लूमपे जाते' म्हणते, कोणी 'गॅरेजमें', कोणी 'भंगारका काम', कोणी 'सेंट्रिंग'. मागे रांग वाढत असते. आम्ही घाईघाईने सगळ्यांपुढे एकच शब्द लिहितो, 'मजुरी'. अशा रीतीने चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस बाप एकाच धंद्याचे होऊन जातात.

ही गोष्ट आम्हाला फारशी कधी बोचली नव्हती. ती बोचली एका कविसंमेलनात. तालुक्याच्या गावी झालेल्या त्या संमेलनासाठी संयोजकांनी परिचय मागवला होता. आम्ही चार ओळी लिहून पाठवल्या : उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक, शिक्षण बी.ए., बी.एड., इतकी वर्षे सेवा, अमुक नियतकालिकांतून कविता प्रसिद्ध. व्यासपीठावर सूत्रसंचालकांनी त्यांतले काहीच वाचले नाही. 'आता मुस्लिम समाजाची वेदना मांडणारे आपले बांधव' एवढे सांगून त्यांनी आमचे नाव पुकारले. आमच्या आधीच्या कवीचा परिचय 'बँकेत अधिकारी', नंतरच्या कवयित्रीचा 'आरोग्य खात्यात परिचारिका' असा झाला होता. आम्ही त्या दिवशी वाचलेली कविता दुपारच्या खिचडीवर होती. भांडे रिकामे झाल्यावरही रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांची ती कविता. टाळ्या मिळाल्या. मात्र चहाच्या वेळी दोघांनी येऊन 'तुमच्या समाजाचे दुःख पोहोचले' असे सांगितले. भूक पोहोचली की नाही, हे शेवटपर्यंत समजले नाही.

संयोजकांचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. त्यांनी आम्हाला प्रेमानेच बोलावले होते. प्रश्न हेतूचा नाही, सवयीचा आहे. मुस्लिम लेखकाचा परिचय त्याच्या समाजापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तो सकाळी उठून कुठे जातो, त्याचे हात कशाने मळतात, पगार कोण देतो, हे विचारायचे राहून जाते. आणि जे परिचयात राहून जाते, ते समीक्षेतही राहून जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लेखकाच्या नोकरीधंद्याचा कलाकृतीशी संबंध काय? कविता चांगली की वाईट एवढेच पाहावे, कवी मास्तर आहे की मेकॅनिक याची उठाठेव कशाला? आमचे म्हणणे असे की, पेशा कळल्याने कविता चांगली ठरत नाही, पण ती कुठून बोलते आहे ते ऐकू येते. दलित साहित्याने मराठी वाचकाला हे शिकवले आहे. नारायण सुर्वे यांच्याविषयी बोलताना गिरणी, शाळेतली शिपायाची नोकरी आणि नंतरची मास्तरकी सोडून कोणी बोलत नाही. 'माझे विद्यापीठ' हे संग्रहाचे नाव १९६६ साली आले, तेव्हा ते विद्यापीठ म्हणजे कामगाराचा रस्ता, हे सांगावे लागले नाही. हाच न्याय आमच्या लेखकांना का नको?

उर्दूतली उदाहरणे आम्हाला जवळची, म्हणून तिथून सुरुवात करतो. मुन्शी प्रेमचंद शिक्षण खात्यात नोकरीला होते. १९०८ साली त्यांचा 'सोज़े-वतन' हा उर्दू कथासंग्रह 'नवाबराय' या नावाने निघाला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला, प्रती जप्त झाल्या, आणि पुढे हा लेखक 'प्रेमचंद' या नावाने लिहू लागला. म्हणजे ज्या नावाने सारा देश त्यांना ओळखतो, ते नावच एका सरकारी नोकराच्या अडचणीतून जन्माला आले. १९२१ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी ती नोकरी सोडली. राजिंदरसिंह बेदी लाहोरच्या पोस्टात कारकून होते. १९५५ साली त्यांच्या कथेवरून 'गर्म कोट' हा चित्रपट निघाला, त्यात बलराज साहनींनी पोस्टातला कारकूनच उभा केला. महिनाअखेरीची ती तंगी खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने पाहिलेली आहे. मंटो दिल्लीच्या आकाशवाणीत होते आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही. त्यांच्या कथेतले संवाद कानाला इतके नेमके का लागतात, याचे एक उत्तर त्या दोन नोकऱ्यांत सापडते.

आणि इस्मत चुगताई. त्यांचे नाव निघाले की चर्चा 'लिहाफ' आणि लाहोरच्या खटल्यापाशी जाते. त्या बी.ए., बी.टी. होत्या, बरेलीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, मुंबईला आल्या त्या शाळा तपासनीस म्हणून, हे किती जणांना ठाऊक आहे? 'टेढ़ी लकीर' या कादंबरीची नायिका शमन शाळेची मुख्याध्यापिका होते. आमच्यासारख्या बी.एड. झालेल्याने ती कादंबरी वाचली, की शाळेच्या आतल्या हवेचा वास येतो. इस्मत आपांना केवळ 'बंडखोर मुस्लिम लेखिका' म्हणणाऱ्याला हा वास येणार नाही. बंड त्यांनी केलेच. पण वर्गात उभे राहून, शाळा तपासत, पगार कमावून केले. बाईच्या हातात स्वतःचा पगार असणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता मराठीकडे येऊ. शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग चळवळ आणि तुरुंग, असा त्यांचा प्रवास. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने भरून टाकणारा आवाज होता तो. डफाची थाप आपण आठवतो, पण त्यामागचा यंत्राचा खडखडाट विसरतो. हमीद दलवाई पत्रकार होते, आचार्य अत्रे यांच्या 'मराठा'त काम करीत. त्यांच्या विचारांशी आमच्यातल्या अनेकांचे तीव्र मतभेद आहेत आणि राहतील. परंतु १९६५ साली आलेली 'इंधन' वाचताना बातमीदाराची नजर विसरून चालत नाही. बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या गावी परतलेला माणूस गाव पेटताना पाहतो, आणि ती भाषा कुठे हुंदका देत नाही. दलवाईंवर बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक त्यांच्या मतांवर आहे, त्यांच्या गद्यावर फार थोडे.

१९९० हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे आणि महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक, विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्याच साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे, पेशाने शिक्षक. ही चळवळ उभी करणाऱ्यांत फकरुद्दीन बेन्नूर होते, तेही सोलापूरच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राचे प्राध्यापक. तीन नावे, तिघेही शिकवणारे. आमच्या साहित्याचा पाया खडूने लिहिणाऱ्या हातांनी घातला, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यात एक उणीवही दडलेली आहे. मास्तर बोलतो तेव्हा सगळ्यांच्या वतीने बोलण्याची त्याला सवय असते. आम्ही हा लेख 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, तोही त्याच सवयीने.

आता माध्यमांतल्या तज्ज्ञांविषयी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाकचा निकाल दिला, तेव्हा वाहिन्यांवर चर्चा रंगल्या. पडद्याच्या तळाशी नावाखाली पट्टी येते, ती वाचत बसण्याचा आम्हाला नाद आहे. एकाच्या नावाखाली 'ज्येष्ठ विधिज्ञ', दुसऱ्याच्या 'राजकीय विश्लेषक'. आमच्या माणसाच्या नावाखाली मात्र 'मुस्लिम विचारवंत' नाहीतर 'धर्मगुरू'. हा विचारवंत कशाचा अभ्यासक? कायदा शिकला आहे का? कुटुंब न्यायालयात कधी उभा राहिला आहे का? ते पट्टीवर नसते. ज्ञानाचा दाखला लागत नाही, आडनाव पुरते. आणि अर्थसंकल्पाच्या रात्री हाच मुस्लिम माणूस, तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक असला तरी, पडद्यावर फारसा दिसत नाही. तज्ज्ञाचा पेशा लपवला की त्याची जबाबदारीही लपते. चुकीचे बोलला तरी जाब विचारायचा कुणाला?

परंतु सगळे खापर दुसऱ्यांच्या माथी फोडून आम्ही मोकळे होणार नाही. आपले स्वतःचे अंक उघडून पाहावेत. कवींत शिक्षक भरपूर, पण कवितेत शाळा किती? दंगल आहे, संशय आहे, देशभक्तीचा पुरावा मागणाऱ्याला दिलेले उत्तर आहे. ते सर्व खरे आहे, लिहिलेच पाहिजे. पण हजेरीपट, बदली, मतदारयादीचे काम, अकरा वाजता झोपेने पेंगणारा रात्रपाळीवाल्या लूमकामगाराचा मुलगा, हे कुठे आहे? सच्चर समितीने २००६ साली सांगितले की मुस्लिम पुरुष कामगारांतले १२ टक्क्यांहून अधिक रस्त्यावर विक्री करणारे आहेत, तर देशाची सरासरी ८ टक्क्यांहून कमी आहे. हा अहवाल आपण भाषणांत पुष्कळदा वापरला. हातगाडीवाला आपल्या कथेत मात्र पाहुण्यासारखा येतो, बहुधा दंगलीत गाडी जळण्यापुरता. गाडी न जळलेल्या दिवशी तो केळी किती भावाने घेतो आणि संध्याकाळी काळी पडलेली केळी कोणाला विकतो, हे आपण लिहिले नाही. म्हणजे सूत्रसंचालकांनी आमचे जे केले, तेच आपण आपल्या माणसांचे केले. त्यांनी आम्हाला 'मुस्लिम' या एका शब्दात बसवले, आपण त्यांना 'मजुरी' या एका शब्दात.

म्हणून संपादकांना आमची साधी विनंती आहे. अंकाच्या शेवटी लेखक-परिचय छापताना पुरस्कारांची यादी थोडी कमी करावी आणि लेखक पोटासाठी काय करतो, आधी काय करीत होता, आईवडील काय करीत होते, हे दोन ओळींत छापावे. समीक्षकांना विनंती, की त्या दोन ओळी वाचून मग पुस्तक उघडावे आणि त्यांतले काय लेखनात उतरले, काय उतरले नाही, हे विचारावे. उतरले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ही समीक्षा आम्हालाही लागू आहे आणि ती ऐकून घेण्याची आमची तयारी आहे.

यंदाच्या जूनमध्ये आम्ही एवढेच केले, की रांग थांबवली आणि रकाना नीट भरला. एका मुलीच्या आईने सांगितले की अब्बा नाहीत, ती स्वतः साडीला टिकल्या लावते. आम्ही तसे लिहिले. रकाना लहान होता, अक्षरे बारीक काढावी लागली.