नकाशाबाहेरची अमेरिका

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दिसावयास सोपा आहे. घराबाहेर पडावें, जें दिसेल तें टिपून घ्यावें आणि परत आल्यावर मित्रमंडळींस ऐकवावें, एवढ्यानें काम भागतें अशी पुष्कळांची समजूत असते. त्यामुळें ह्या प्रकारांत पुस्तकें फार आणि वाचनीय पुस्तकें थोडीं अशी स्थिति झाली आहे. आमच्या मतें प्रवासलेखकाची खरी कसोटी एकच: निघतांना तो ज्या समजुती बरोबर घेऊन गेला, त्यांपैकीं किती वाटेंत टाकून तो परतला? ह्या कसोटीला लावून पाहण्याजोगें एक पुस्तक म्हणजे डग मॅक ह्या अमेरिकन लेखकाचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘द नॉट-क्वाइट स्टेट्स ऑफ अमेरिका’ हें होय. जीं राज्यें होतां होतां राहिलीं, त्यांची ही हकीकत आहे.

पुस्तकाचा उगम मोठा घरगुती आहे. घरांतल्या नाण्यांच्या संग्रहांत पन्नास राज्यांच्या नाण्यांपलीकडे आणखीही कांहीं नाणीं लेखकाच्या दृष्टीस पडलीं. २००९ सालीं अमेरिकन टांकसाळीनें राजधानीच्या वॉशिंग्टन शहराबरोबर पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, व्हर्जिन बेटें आणि उत्तर मरियाना बेटें ह्यांच्या नांवानेंही पाव डॉलरचीं नाणीं पाडलीं होतीं. आपल्याच देशाच्या ह्या भागांविषयीं आपणांस जवळजवळ कांहींच ठाऊक नाहीं ह्याची लेखकास लाज वाटली आणि तो निघाला. ही लाज प्रामाणिक आहे, आणि पुस्तकाचा बराचसा गोडवा तिच्यांतून आला आहे.

ह्या पांच प्रदेशांत मिळून सुमारें छत्तीस लक्ष लोक राहतात. त्यांच्यावर निशाण अमेरिकेचें, कायदे वॉशिंग्टनचे, युद्ध झाल्यास रणांगणावर जाणारीं मुलें त्यांचीं. परंतु तेथें राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत मत देतां येत नाहीं. लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत त्यांचा एकेक प्रतिनिधि बसतो, बोलतो, समित्यांत कामही करतो. मात्र विधेयक अखेरच्या मतास पडलें म्हणजे त्याला हात आवरून बसावें लागतें.

मराठी वाचकाच्या मनांत ह्या ठिकाणीं एक जुनें पुस्तक जागें झाल्यावांचून राहणार नाहीं. पंडिता रमाबाईंनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ सालीं प्रसिद्ध केला. पारतंत्र्यांतून गेलेल्या त्या विदुषीला इंग्रजांचें जूं झुगारून दिलेलें लोकसत्ताक राष्ट्र आदरणीय वाटलें, ह्यांत नवल नाहीं. तथापि तेथील काळ्या व आदिवासी लोकांवरील अन्याय पाहण्यास त्या आदरानें त्यांचे डोळे झांकले नाहींत. त्यांच्या ग्रंथानंतर अवघ्या नऊ वर्षांनीं, म्हणजे १८९८ मध्यें, त्याच राष्ट्रानें स्पेनशीं युद्ध करून पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाइन्स हस्तगत केलीं. वसाहतींच्या बंडांतून जन्मलेलें राष्ट्र स्वतः वसाहतींचें धनी झालें. रमाबाईंनीं पाहिलेली अमेरिका आणि मॅक ह्यांनीं शोधलेली अमेरिका ह्यांच्यामध्यें हें एक वर्ष उभें आहे.

हें धनीपण कायद्यांत कसें बसवावें हा प्रश्न लगेच निघाला. तो निकालांत काढणारा खटला संत्र्यांचा होता! पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेतली गेली. व्यापाऱ्याचें म्हणणें, बेट जर अमेरिकेचें तर जकात कसली? १९०१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, जकात योग्य आहे. कारण तें बेट अमेरिकेच्या मालकीचें असलें तरी ह्या बाबतींत अमेरिकेचा भाग नव्हे. जगाच्या दृष्टीनें आपलें, घरांत मात्र परकें, असें हें विलक्षण नातें तेव्हांपासून चालत आलें आहे. तेथील लोक वेगळ्या वंशाचे आहेत, हा विचारही त्या निकालपत्रांत उघडपणें आलेला आहे. मॅक हा इतिहास टाळीत नाहींत. रुक्ष कायद्याची गोष्ट सामान्य वाचकास गोष्टीसारखी सांगण्याची हातोटी त्यांना साधली आहे, आणि तीबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पुस्तकांतील उत्तम भाग आम्हांस सामोआचा वाटला. अमेरिकन सामोआंत जन्मलेला मनुष्य जन्मानें अमेरिकेचा नागरिक ठरत नाहीं. तो केवळ त्या राष्ट्राचा ‘राष्ट्रिक’ ठरतो. बाहेरून येणाऱ्यास वाटावें कीं, हा उघड अन्याय आहे आणि लोक तो दूर होण्याची वाट पाहत असतील. परंतु तेथील बहुतेक जमीन कुळांच्या सामायिक मालकीची आहे. कुळाचा मुख्य, ज्याला ‘मताई’ म्हणतात, तिचा सांभाळ करतो. आणि सामोअन रक्त नसलेल्यास ती बहुधा विकत घेतां येत नाहीं. पूर्ण नागरिकत्व आलें कीं समतेच्या कायद्यापुढें ही व्यवस्था टिकणार नाहीं, अशी धास्ती पुष्कळांस वाटते. म्हणजे जें दान प्रवासी मनानें त्यांच्या पदरांत टाकूं पाहत होता, तें घ्यावें कीं नाहीं ह्याविषयींच तेथें मतभेद आहे. येथें लेखकाची एक समजूत खरोखर वाटेंत गळून पडते, आणि म्हणूनच हीं पानें मनांत राहतात.

परंतु सर्वत्र असें होत नाहीं. मॅक ह्यांचा स्वभाव विनोदी आहे. स्वतःच्या अज्ञानाची थट्टा करीत ते पुढें जातात. प्रथम ही थट्टा आल्हाददायक वाटते. पुढें पुढें मात्र वाचकाच्या मनांत शंका उभी राहते. ‘अरेच्चा, हेंही आमचेंच का?’ ह्या आश्चर्यावर इतकीं प्रकरणें रचलीं म्हणजे विस्मरण ही एक गमतीची गोष्ट होऊन बसते. जणूं कोणी भला गृहस्थ आपली छत्री कोठें ठेवली तें विसरला आहे. वस्तुतः ज्याला मत नाहीं त्याला विसरण्यानें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं, अशी व्यवस्था १९०१ पासून पक्की करून ठेवलेली आहे. लेखकानें कारण सांगितलें आहे. पण त्याच्या लिहिण्याचा सूर त्या कारणाला शोभत नाहीं. हा दोष लहान नाहीं, कारण वाचक युक्तिवाद विसरतो आणि सूर लक्षांत ठेवतो.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर घडलेल्या गोष्टींनीं हा दोष अधिकच उघड केला. पुस्तक २०१७ च्या आरंभीं निघालें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें उत्तर कोरियानें ग्वामजवळच्या समुद्रांत क्षेपणास्त्रें टाकण्याची धमकी दिली, तेव्हां अमेरिकेंतील पुष्कळांनीं ग्वाम नकाशावर शोधलें. ज्या बेटाची पाव भागाहून अधिक भूमि लष्कराच्या हातीं आहे, त्याची ओळख पटण्यास धमकी व्हावी लागली! सप्टेंबरमध्यें दोन वादळांनीं व्हर्जिन बेटें आणि पोर्तो रिको उद्ध्वस्त केलीं. पोर्तो रिकोंतील मृतांचा सरकारी आंकडा कित्येक महिने ६४ राहिला. पुढल्या वर्षीं ऑगस्टमध्यें तो २,९७५ करावा लागला. कांहीं घरांत दिवा लागावयास सुमारें अकरा महिने गेले. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, राज्यांतील गरीब, वृद्ध व अपंग नागरिकांस मिळणारें एक साहाय्य पोर्तो रिकोंत राहणाऱ्या नागरिकांस नाकारण्यास घटनेची हरकत नाहीं. आणि अलीकडे अलास्कांत सामोआंत जन्मलेल्या कांहीं रहिवाशांवर, नागरिक नसतां मतदान केलें म्हणून, खटले भरण्यांत आले आहेत. ह्यांतील कोणतीही गोष्ट छत्री विसरण्यासारखी नाहीं.

शेवटीं एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. व्हर्जिन बेटें अमेरिकेनें १९१७ सालीं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर देऊन विकत घेतलीं. तत्पूर्वीं डेन्मार्कमध्यें लोकमत घेतलें गेलें. ज्यांची विक्री व्हावयाची होती त्या बेटवासीयांस त्यांत मत नव्हतें. डेन्मार्कला असा व्यवहार नवा नव्हता. तरंगमबाडी व श्रीरामपूर हीं हिंदुस्थानांतील आपलीं ठाणीं त्यानें १८४५ सालींच इंग्रजांच्या कंपनीस विकून टाकलीं होतीं. व्हर्जिन बेटांच्या व्यवहाराच्या वेळीं अमेरिकेनें एक लेखी आश्वासनही दिलें होतें: डेन्मार्कनें संपूर्ण ग्रीनलंडवर आपला अंमल पसरविला तरी आमची हरकत असणार नाहीं. २०२५ च्या जानेवारींत त्याच अमेरिकेच्या अध्यक्षपदीं निवडून आलेल्या गृहस्थानें ग्रीनलंड आपणांस हवें असें जाहीर केलें आणि बळाचा वापर करणार नाहीं असें वचन देण्याचें नाकारलें. नवीं बेटें घेण्याची भाषा पुन्हां ऐकूं येत असतां, घेतलेल्या बेटांचें शंभर-सव्वाशें वर्षांत काय झालें हें सांगणाऱ्या पुस्तकाचें मोल वाढतें.

म्हणून दोष सांगूनही हें पुस्तक वाचावें अशीच आमची शिफारस आहे. तें सुबोध आहे, सहृदय आहे, आणि लेखक आपण शहाणे असल्याचा आव आणीत नाहीं. मात्र वाचकानें हंसत हंसत शेवटचें पान उलटल्यावर क्षणभर थांबावें. ज्या राष्ट्राच्या घटनेचा आरंभ ‘आम्ही लोक’ ह्या शब्दांनीं होतो, त्या ‘आम्ही’मध्यें ह्या छत्तीस लक्षांची गणना कधीं होते आणि कधीं होत नाहीं, हा प्रश्न मॅक ह्यांनीं वाटेंत अनेकदां उचलला आणि अनेकदां थट्टेनें खालीं ठेवला. तो पुन्हां उचलणें वाचकाचें काम आहे. परक्याच्या सभागृहांत आपल्या नांवानें कायदे होत असलेले ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं पाहिले, त्या आपणां मराठी वाचकांस तरी तें जड जाऊं नये.