पाव्हणा नेमका कोण?

मुंबई पोलीस कायद्यात २००५ साली घातलेली दोन कलमे मी अलीकडे शेजारी शेजारी ठेवून वाचली: ३३-अ आणि ३३-ब. पहिले म्हणते, खाद्यगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारचे नृत्य करण्यास मनाई आहे. दुसरे लगेच म्हणते, नाट्यगृहे, चित्रपटगृहे, जिमखाने, फक्त सभासदांना प्रवेश असलेले क्लब आणि तीन किंवा त्याहून अधिक ताऱ्यांची हॉटेले यांना ही मनाई नाही. शिवाय पर्यटन धोरण आणि सांस्कृतिक कार्य ध्यानात घेऊन सरकार आणखी ठिकाणांना सूट देऊ शकेल. नाच कसा असावा, याविषयी दोन्ही कलमांत अवाक्षर नाही. नाचणारी कोण, किती वाजता नाचते, अंगावर काय घालते, हेही नाही. फरक आहे तो समोर बसलेल्या माणसाचा. तो विमानाने आलेला असेल तर नृत्य ही संस्कृती. लोकलने आलेला असेल तर गुन्हा.

साहित्याच्या अभ्यासकाने कायदा कशाला वाचावा, असे कुणी विचारील. मला तर वाटते, मुंबईच्या रात्रीवर मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातले सर्वांत मोकळेपणाने लिहिलेले वाक्य हे ३३-ब आहे. दीडशे वर्षे जे सगळे मनात ठेवून होते, ते त्याने छापून टाकले. या शहराची रात्र कायम परक्या माणसासाठी रंगत आली आणि तिचा न्याय करताना शहराने दर वेळी रंगमंचाकडे पाठ फिरवून प्रेक्षकांची जातकुळी पाहिली, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

आपल्या भाषेत पाहुण्याला नावे बरीच. लावणीत समोर बसलेला रसिक हा बहुधा ‘पाव्हणं’ असतो. वाट चुकून किंवा वाकडी करून आलेला, खिशात चार पैसे असलेला, उद्या निघून जाणारा. नवरा, दीर, शेजारी हे लावणीचे श्रोते नव्हेत. दुसरा शब्द ‘चाकरमानी’. हा कोकणात गणपतीला उतरला की घरचाच पाहुणा होतो. पण मुंबईत तीस वर्षे राहूनही त्याला पाहुणचार मिळत नाही. तिसरा शब्द सरकारी: ‘पर्यटक’. या तिघांपैकी राज्यकर्त्यांनी पाहुणा मानला तो एकट्या तिसऱ्याला.

सुरुवात ग्रँट रोडपासून करायला हवी. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ साली तिथे नाटकगृह उभे राहिले, ते इंग्रजी खेळांसाठी. पण फोर्टात राहणाऱ्या साहेबाला ग्रँट रोड लांब वाटे, आणि सात वर्षांतच त्या रंगमंचावर एतद्देशीय मंडळी आली. १८५३ साली सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांनी तिथे तिकीट लावून खेळ केले; त्याच साली पारशी नाटक मंडळीही तिथे उभी राहिली. आपण मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना १८४३ चे सांगलीचे ‘सीतास्वयंवर’ हा जन्म मानतो आणि मुंबईचे खेळ हा पुढचा दौरा. माझ्या मते धंदा म्हणून या रंगभूमीचा जन्म दुसऱ्या ठिकाणचा आहे. राजाश्रयाकडून तिकिटाकडे जाणे ही साधी गोष्ट नव्हती. राजापुढे कोण बसणार हे राजा ठरवतो. तिकीट मात्र बंदरावर उतरलेला खलाशी, पेढीच्या कामाला आलेला गुजराती, सुट्टीवरचा शिपाई, कुणीही काढतो. भाव्यांनी मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हिंदीत केले, यामागे हाच मिश्र प्रेक्षक असावा असा माझा कयास आहे.

त्या परिसरात पुढे नाटकगृहांची रांग लागली आणि ‘प्लेहाऊस’चे लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झाले. शब्दाबरोबर जागेची किंमतही घसरली. लगतच कामाठीपुरा, पलीकडे गोलपिठा. ज्या रस्त्यावर मराठी नाटक व्यावसायिक झाले, त्याच रस्त्याचे नाव पन्नास-साठ वर्षांत सभ्य घरात उच्चारेनासे झाले. नाटक गिरगाव, दादर, पार्ले असे वर सरकत गेले. आज संध्याकाळी साडेआठच्या प्रयोगाला शिवाजी मंदिरात बसलेल्या प्रेक्षकाला आपल्या नाटकाचे माहेर पिला हाऊस आहे, हे सांगून पाहा.

चाकरमान्याची रात्र परळ-लालबागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेच्या आसपास किंवा त्याहून कमी होत्या. घाटावरून आणि कोकणातून आलेला गिरणी कामगार खोलीत वीस-पंचवीस जणांत पाळीपाळीने झोपे, खानावळीत जेवे आणि पगाराच्या दिवशी तमाशाला जाई. लालबागचे हनुमान थिएटर हे या प्रेक्षकाचे हक्काचे ठिकाण होते. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे या दोघांच्याही नावावर मुंबईवरची लावणी आहे, आणि त्या एकापुढे एक वाचल्या की शहराकडे पाहणारे दोन वेगळे डोळे दिसतात. बापूरावांची मुंबई ही पहिल्यांदा बघायला आलेल्याची, झगमगाटाने दिपलेल्याची. अण्णा भाऊंची मुंबई ही इथे राबून दमलेल्याची. पाव्हण्याचा कामगार कसा होतो, हे या दोन रचनांमधल्या अंतरात सापडते.

तमाशातल्या ‘दौलतजादा’कडे जरा थांबून पाहायला हवे, कारण पुढची सगळी भांडणे त्यातूनच निघाली. प्रेक्षक नोट पुढे करतो, नाचणारी ती घेते, देणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाते, त्याची फर्माईश पुरी होते. गिरणीत हा माणूस हजेरीपटावरचा एक आकडा. इथे दोन रुपयांत त्याचे नाव, गाव आणि थोडी ऐट परत मिळते. यात शोषण नाही असे मी म्हणत नाही. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांविषयी लिहिताना जातीच्या आणि लैंगिकतेच्या बाजारावर जे बोट ठेवले आहे, ते उचलता येत नाही. पण दौलतजादा म्हणजे केवळ बाईवर पैसे उधळणे, एवढेच ज्याला दिसते त्याला देणाऱ्याची भूकही दिसलेली नाही आणि घेणारीचे कसबही. कुणाला किती वेळ खेळवायचे, कुणाला हसून बसवायचे, कुणाचा पैसा नाकारायचा, हा तिचा अभ्यास असतो. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाचे मोल इथे आहे: त्यांनी त्या बायकांना कीव करण्याजोग्या म्हणून न पाहता कसबी म्हणून ऐकले.

स्वातंत्र्याच्या आगेमागे खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती उठली ती सुधारणेच्या अटीवर: संहिता तपासून घ्या, मग उभे राहा. त्याच सुमारास, १९४९ च्या कायद्याने, दारूबंदीही आली. आणि इथे ३३-ब चा पणजोबा भेटतो. दारूबंदी सर्वांना होती, पण परदेशी पाहुण्याला परवाना मिळू शके. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण आता गल्लीबोळातल्या पाट्यांवर इतका वाचतो, की त्यातला ‘परमिट’ कुणाला आठवतही नाही. राज्याने नीतीची रेषा आखली आणि पहिल्याच दिवशी त्यात पाहुण्यासाठी दार ठेवले.

त्या दाराच्या आत काय होते? १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात आफ्रिकन-अमेरिकन वादक जॅझ वाजवत होते. लिऑन ॲबीचा वाद्यवृंद १९३५ साली आला, पुढे टेडी वेदरफर्ड. स्वदेशी ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसू दिले जात नव्हते, ते इथे संस्थानिकांना आणि साहेबांना नाचवत होते. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये ही हकीकत फार प्रेमाने सांगितली आहे; माझ्या मते मुंबईच्या रात्रीवरचे ते सर्वांत आनंदी पुस्तक आहे, आणि तीच त्याची मर्यादाही. ताजच्या दिवाणखान्यातून बाहेर पडलेला गोंयकार ट्रम्पेटवाला रात्री कुठे जात असे? धोबी तलावला, आपल्या गावाच्या ‘कुडी’त. तिथे एकेका गावाचे खलाशी, आचारी, वादक ट्रंका लावून राहत. पाहुण्यांची करमणूक करणारा स्वतःही आयुष्यभर पाहुणाच. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला अँतोनियो झेवियर वाझ आणि त्याचे साथी सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) पडद्यावर दिसतात. चितळकरांच्या चालीत तो हॉटेलातला ठेका शिरला आणि चार-पाच आण्यांच्या तिकिटात गिरणगावात पोहोचला. हॉटेलच्या दारावरच्या दरबानाने ज्याला आत सोडले नसते, त्याच्याकडे ते संगीत असे वळसा घालून आले.

डान्सबारवर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत दोन महत्त्वाची, आणि दोन्ही इंग्रजी. सुकेतू मेहतांचे ‘मॅक्सिमम सिटी’ (२००४) आणि सोनिया फालेरो यांचे ‘ब्युटिफुल थिंग’ (२०१०). मेहता न्यूयॉर्कहून परत आलेले. त्यांचा निवेदक बारमध्ये शिरतो तो अस्सल लावणीतला पाव्हणा होऊन. दिपतो, गुंततो, आणि अखेरीस निघून जातो. ते पुस्तक वाचनीय आहे यात शंका नाही, पण त्यात नाचणारी बाई ही शहराच्या कोड्याची किल्ली म्हणून येते. फालेरोंची लीला मीरा रोडच्या घरात स्वयंपाकघरात, आईशी भांडताना, पैसे मोजताना दिसते. बंदीनंतर तिचे काय होते हेही दिसते. म्हणून मला दुसरे पुस्तक मोठे वाटते.

मराठीत काय आहे? ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) आहे, भाऊ पाध्ये आहेत, जयवंत दळवींचे ‘चक्र’ आहे. रस्त्यावरची, झोपडीतली, नाक्यावरची रात्र आपल्या लेखकांनी बिनधास्त लिहिली. पण कामावर असलेली नाचणारी, गाणारी, वाजवणारी व्यक्ती, जिची रात्र म्हणजे पाळी आहे, ती आपल्या कादंबरीत क्वचितच मध्यभागी आली. आपल्याकडे तिची जागा एका कथानकाने अडवून ठेवली होती. ते कथानक म्हणजे ‘पिंजरा’. शांतारामबापूंचा १९७२ चा हा चित्रपट मूळ एका जर्मन चित्रपटावरून घेतलेला. तिकडची कॅबरेवाली इथे तमासगीरीण झाली. आदर्श मास्तर आणि त्याला धुळीला मिळवणारी बाई. चित्रपट उत्तम आहे, गाणी तर विचारूच नका. पण २००५ साली विधिमंडळात आणि बाहेर जी भाषणे झाली, ती या पटकथेच्या बाहेर गेली नाहीत: आमची चांगल्या घरातली मुले बिघडतात, घरे उद्ध्वस्त होतात, आणि त्या बाया तर बाहेरून आलेल्या. मराठी समाजाने नवे निरीक्षण केलेच नाही. पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगितली.

न्यायालयाने ती ऐकून घेतली नाही. उच्च न्यायालयाने २००६ साली ही तरतूद रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम ठेवला. वरच्या वर्गाची नीती मजबूत आणि सामान्यांची कच्ची, हे गृहीतच न्यायालयाने अमान्य केले. बंदीने बेकार झालेल्या स्त्रियांपैकी अनेकींना देहविक्रयाकडे ढकलले गेल्याचीही नोंद घेतली. यावर विधिमंडळाने २०१४ साली एकमताने जे केले, ते मला समीक्षक म्हणून फार बोलके वाटते. न्यायालयाने पंक्तिभेद दाखवला, तर सरकारने सगळी पंगतच उठवली: ३३-ब काढून टाकले आणि तारांकित हॉटेलांवरही बंदी लादली. धाकट्याला ताटावर बसवण्यापेक्षा थोरल्यालाही उपाशी ठेवणे सोपे गेले. तीही बंदी टिकली नाही. मग २०१६ चा नवा कायदा, आणि १७ जानेवारी २०१९ चा निकाल. त्यात बारमध्ये कॅमेरे लावण्याची, देवळा-शाळांपासून एक किलोमीटर अंतराची अशा अटी गेल्या. नोटा उधळण्यावरची बंदी मात्र राहिली, आणि बक्षिशी चालेल असे ठरले.

म्हणजे दौलतजादाचा निवाडा अखेर दिल्लीत झाला. हातात दिलेला पैसा चालेल, उधळलेला नाही. नाचणारीच्या मानाच्या बाजूने पाहिले तर निर्णय बरोबर आहे, असेच मला वाटते. तमाशातही जुनी रीत हातात देण्याचीच होती. मात्र मालकाने बक्षीस बिलात लिहून आपला वाटा आधी कापला, तर ‘हातात’ या शब्दाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न कज्जा लढणाऱ्या कुणी फारसा विचारला नाही.

जानेवारी २०२० मध्ये ‘मुंबई चोवीस तास’ची घोषणा झाली. मॉल, दुकाने, उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा, पण कुंपण असलेल्या, बिगरनिवासी आवारांत. नरिमन पॉइंट, वांद्रे-कुर्ला संकुल असे भाग त्यात पुढे होते. दारूची वेळ होती तीच राहिली. घोषणेत पर्यटन होते, रोजगार होता, लंडनचे उदाहरण होते. त्या कुंपणाच्या आत रात्री दोन वाजता गाणारा, वाजवणारा, नाचणारा माणूस असेल का, असला तर पहाटेपर्यंत लोकल नसताना विरार-कल्याणला कसा परतेल, याबद्दल काही नव्हते. पिला हाऊसला निदान ट्राम होती.