भट्टी वगळलेला तक्ता

संक्रांत जवळ आली की मंडईबाहेर सुगडांचे ढीग लागतात. घेणाऱ्या बायका सुगड उचलतात, कानाशी धरतात आणि टिचकी मारतात. खणखणीत वाजले तर पिशवीत, बद्द वाजले तर परत ढिगावर. आकाराची चौकशी फारशी कोणी करत नाही. तो कुंभाराला जमलेलाच असतो. शंका असते ती भट्टीत काय झाले याची.

सुगडे घेऊन परतताना जवळच्याच एका शाळेतले विज्ञान प्रदर्शन पाहिले. तिथे त्रिमिती छपाईचे यंत्र चालू होते आणि प्लॅस्टिकची छोटी फुलदाणी थराथराने वर येत होती. शेजारी तक्ता होता : ‘याच पद्धतीने लेसरच्या साहाय्याने सिरॅमिकच्या कोणत्याही आकाराच्या वस्तू थेट तयार करता येतात.’ मुले मन लावून माहिती सांगत होती. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. हे वाक्य त्यांनी रचलेले नव्हे. थोड्याफार फरकाने ते वर्तमानपत्रांत, पुस्तिकांत आणि आमच्यासारख्यांच्या लेखांतही भेटते. म्हणूनच ते शब्दाशब्दाने तपासायला हवे.

‘याच पद्धतीने’ हे तर सरळच चूक आहे. शाळेतल्या यंत्रातले प्लॅस्टिक साधारण २०० अंश सेल्सिअसला मऊ होऊन नळीतून उतरते आणि थंड होताच घट्ट होते. ॲल्युमिना वितळायला सुमारे २०५० अंश लागतात. ती वितळवून नळीतून सोडायची, तर नळी कशाची करणार? सिरॅमिकची वस्तू सहसा वितळवून करतच नाहीत. बारीक पूड दाबून किंवा कालवून आकार देतात आणि द्रवणांकाच्या खालीच इतकी तापवतात की कण एकमेकांना सांधले जावेत. याला सिंटरिंग म्हणतात.

आता ‘लेसर’. त्याच्या वापराचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि तक्त्याने त्यांची सरमिसळ केली आहे. पहिल्या मार्गात प्रकाश पडल्यावर घट्ट होणारे द्रव रेझिन वापरतात. जपानमध्ये हिदेओ कोडामा यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ साली तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या ग्रिफिथ आणि हॅलोरन यांनी रेझिनमध्ये सिरॅमिकची पूड भरपूर मिसळून हेच करून दाखवले; त्यांचा शोधनिबंध १९९६चा आहे. फ्रान्समधल्या लिमोज या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी आज याच तत्त्वावरची यंत्रे तयार होतात. पण इथे लेसर काय करतो? सिरॅमिकला तो काहीच करत नाही. तो फक्त डिंक घट्ट करतो. हाती येते ती पूड आणि प्लॅस्टिक यांची कच्ची वस्तू. मग ती सावकाश तापवून प्लॅस्टिक जाळून काढायचे, आणि उरलेला ठिसूळ सांगाडा दीड हजार अंशांच्या आसपास भाजायचा. म्हणजे सिरॅमिक तयार होते ते भट्टीत, आणि तक्त्यावर भट्टीचे नावही नाही.

या भाजण्यात वस्तू आटते. किती, ते नववीचा विद्यार्थीही काढू शकेल. समजा कच्च्या वस्तूच्या आकारमानात निम्मी पूड आणि निम्मे रेझिन आहे. रेझिन गेले आणि पोकळ्या पूर्ण मिटल्या, तर आकारमान निम्मे होईल. ०.५चे घनमूळ ०.७९४. म्हणून १०० मिमी लांबीची वस्तू सुमारे ७९ मिमी होईल. भाजल्यावर १०० मिमी हवी असेल तर १२६ मिमीची छापावी लागेल. दंतवैद्य बसवतात त्या झिर्कोनियाच्या टोप्यांचेही असेच आहे. त्या बहुधा छापत नाहीत, अर्धवट भाजलेल्या ठोकळ्यातून कोरतात. पण मुद्दाम मोठ्या कोरतात आणि भट्टी त्यांना दाताच्या मापावर आणते.

दुसरा मार्ग खऱ्या अर्थाने ‘थेट’ म्हणता येईल असा. पुडीचा पातळ थर पसरायचा आणि लेसरने हवा तेवढाच भाग वितळवायचा. धातूंच्या बाबतीत हे उत्तम चालते. सिरॅमिकमध्ये दोन अडचणी येतात. ॲल्युमिनाची पूड पांढरी दिसते, म्हणजेच ती प्रकाश विखरून परत पाठवते. धातूंसाठी वापरतात त्या सुमारे १ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या लेसरलाही ती बव्हंशी अशीच परतवते. त्यावर उपाय आहे : १०.६ मायक्रोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेसर ती चांगला शोषून घेते. दुसरी अडचण इतकी सहज सुटत नाही. वितळलेला ठिपका आणि त्याच्या शेजारचा भाग यांच्या तापमानात हजारो अंशांचा फरक पडतो. असा ताण आला की धातू थोडा वाकून, ताणून तो पचवतो. सिरॅमिकला वाकणे ठाऊक नाही. तापलेली ॲल्युमिना पाण्यात बुडवली तर सुमारे २०० अंशांच्या फरकालाच तडकू लागते. जाड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी २०१०च्या सुमारास यावर मात केली. ॲल्युमिना आणि झिर्कोनिया यांचे मिश्रण त्यांनी पूर्ण वितळवले आणि भेगांशिवाय वस्तू मिळवल्या. युक्ती कोणती? काम चालू असताना पूड आणि वस्तू १६०० अंशांच्या वर तापवून ठेवली! पृष्ठभाग मात्र खडबडीत राहिला. म्हणजे दारातून घालवलेली भट्टी खिडकीतून परत आली. या संशोधनाचे मोल मी कमी मानत नाही, उलट त्याची गंमत नेमकी इथेच आहे आणि तक्त्याने तीच गाळली आहे.

‘कोणत्याही आकाराच्या’ याबद्दल थोडक्यात. भिंत जाड असेल तर जळणाऱ्या रेझिनचा वायू बाहेर पडताना वस्तू फोडतो. चारही बाजूंनी बंद पोकळ गोळा केला तर आतले न घट्ट झालेले रेझिन काढणार कुठून? आणि तरीही साच्याने अवघड असे पुष्कळ काही या मार्गाने साधते. टर्बाइनच्या पात्यांत थंड हवेसाठी वळणावळणाच्या पोकळ्या ठेवाव्या लागतात. त्यांसाठी ओतकामात लागणारे सिरॅमिकचे गाभे, किंवा हाडाच्या उपचारात वापरायचे सच्छिद्र तुकडे, ही खरी उदाहरणे आहेत. फुलदाणीपेक्षा ती तक्त्यावर शोभली असती.

अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून बऱ्याच शाळांत छपाईचे यंत्र आले. बरोबर एखादी लहानशी विजेची भट्टी आली असती तर फार बरे झाले असते, असे माझे मत आहे. ती नाही तोवर कुंभाराकडून मळलेली माती आणावी. कुंभार मातीत लीद आणि राख घालतात. लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. रेझिन जळून जाते तसेच हे, फक्त कुंभाराला ती छिद्रे हवी असतात. या मातीच्या दोन पट्ट्या कराव्यात, एक अर्धा सेंटिमीटर जाडीची आणि दुसरी तीन. दोन्हींवर बरोबर १०० मिमी अंतरावर सुईने दोन टोचे मारावेत. रोज अंतर मोजून फळ्यावर लिहावे. पूर्ण वाळल्यावर कुंभाराच्या पुढच्या भट्टीत त्या भाजून आणाव्यात आणि पुन्हा मोजाव्यात. जाड पट्टीला घाई करू नये. तिच्या आत ओल राहिली असेल तर ती भट्टीत फुटेल. फुटलीच तर तुकडे टाकू नयेत, वर्गात ठेवावेत.