व्हीएफडब्ल्यू ६१४ : दोष इंजिनाच्या जागेचा की आपल्या वाचनाचा?

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिलं काम येतं लिटरेचर रिव्ह्यूचं. तिथे एक वाक्य हमखास भेटतं : 'असा प्रयत्न यापूर्वी झाला होता, पण तो अयशस्वी ठरला.' आपण ते वाचतो, रेफरन्स टाकतो आणि पुढे जातो. पण या एका ओळीच्या भरवशावर तुम्ही तुमच्या पीएचडीची चार-पाच वर्षं कुठे घालायची आणि कुठे नाही हे ठरवत असता. म्हणून आज हे वाक्य जरा उलगडून बघू. उदाहरण एका छोट्या जेट विमानाचं घेतलंय. विमानशास्त्र तुमचा विषय नसला तरी अडणार नाही.

विमानाचं नाव व्हीएफडब्ल्यू ६१४. पश्चिम जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये तयार झालेलं, ४० ते ४४ आसनांचं, लहान शहरांमधल्या जवळच्या फेऱ्यांसाठी. जुन्या डीसी-३ विमानांची जागा घेणारं जेट, अशी मूळ कल्पना. १९६८ मध्ये कामाला मंजुरी मिळाली आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. पहिलं उड्डाण १४ जुलै १९७१ रोजी झालं. डेन्मार्कच्या सिंबर एअरला पहिलं विमान मिळालं १९७५ मध्ये, आणि १९७७ मध्ये सगळा कार्यक्रम बंद. नमुना विमानं धरून एकूण १९ बनली.

आता याचा फोटो बघा. दोन्ही इंजिनं पंखाच्या वर, आखूड आधारांवर बसवलेली. प्रवासी जेटमध्ये ही रचना इतकी वेगळी दिसते की फोटो आणि १९ हा आकडा शेजारी ठेवला की निष्कर्ष आपोआप निघतो : इंजिनं भलत्या जागी होती, म्हणून विमान चाललं नाही. माझा आक्षेप या 'म्हणून'वर आहे.

इंजिनं वर का ठेवली?

पंखाखाली इंजिन लावायचं तर ते जमिनीला टेकू नये म्हणून लहान विमानालाही उंच, जड लँडिंग गिअर द्यावा लागतो. शिवाय कच्च्या धावपट्टीवरचे खडे इंजिनात जायची भीती. शेपटीजवळ लावायचं तर मागचा सांगाडा मजबूत, म्हणजे जड करावा लागतो आणि आडवी शेपूट वर न्यावी लागते. पंखावर ठेवलं की हे दोन्ही प्रश्न टळतात, आणि खाली जमिनीवर पोहोचणारा आवाजही पंखामुळे थोडा अडतो.

किंमतही आहेच. विमान उचललं जातं ते मुख्यतः पंखाच्या वरच्या बाजूवरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे. नेमक्या त्याच हवेत तुम्ही इंजिन आणि त्याचा आधार उभा करता. वेग जितका जास्त, तितका हा अडथळा महागात पडण्याची शक्यता. म्हणजे हा एक विचारपूर्वक केलेला सौदा होता. तो परवडला की नाही हे मोजून ठरवायचं. किती विमानं खपली यावरून ते कळत नाही.

त्या सहा वर्षांत आणखी काय काय झालं?

इंजिनाचं नाव एम४५एच. रोल्स-रॉइस आणि फ्रान्सची स्नेक्मा मिळून ते बनवत होत्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये, म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या पाच महिने आधी, रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. इंजिनं मिळणार की नाही हीच शंका. १ फेब्रुवारी १९७२ रोजी पहिलं नमुना विमान कोसळलं आणि चालक दलातल्या एकाचा जीव गेला. कारण होतं एलिव्हेटरचं फ्लटर, म्हणजे शेपटीच्या हलत्या भागात हवेमुळे वाढत जाणारी थरथर. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. जेटला तेल जास्त लागतं, त्यामुळे छोट्या कंपन्या आणखीच बिचकल्या.

आणि एक गोष्ट घरातलीच. १९६९ मध्ये व्हीएफडब्ल्यू ही कंपनी हॉलंडच्या फोकरशी एकत्र आली. फोकरकडे जवळपास तेवढ्याच आसनांचं एफ२७ हे टर्बोप्रॉप होतं आणि मोठं जेट हवं असेल तर एफ२८. म्हणजे एकाच दुकानात ६१४च्या दोन्ही बाजूंना जम बसलेला माल मांडलेला होता.

आता सांगा, यातली इंजिनाच्या जागेची गोष्ट वेगळी कशी काढणार? तुमच्याकडे उदाहरण एकच आणि संभाव्य कारणं पाच-सहा. संख्याशास्त्राच्या पेपरात असा डेटा आला असता तर तुम्ही त्यावरून कुठलाही गुणांक काढला नसता. गोष्टीच्या रूपात आला की मात्र बिनधास्त काढतो.

मग विमानात दोष नव्हताच?

होता, आणि तो एका साध्या गणितात दिसतो. ६१४चा वेग ताशी साधारण ७०० किमी, एफ२७चा साधारण ४७५. ३०० किमीच्या फेरीला एकाला २६ मिनिटं, दुसऱ्याला ३८. फरक १२ मिनिटांचा. तोही कागदावर, कारण चढताना, उतरताना आणि धावपट्टीकडे जाताना दोघांचाही वेळ जातोच. १,००० किमीला हाच फरक ४० मिनिटांचा होतो. पण ६१४ भरलेलं असताना जेमतेम १,२०० किमी जाणारं विमान. जिथे जेटचा वेग उपयोगी पडायला लागतो, तिथेच त्याचा पल्ला संपत आलेला.

माझ्या मते ६१४ची खरी अडचण इथे होती : आसनं, अंतर आणि वेग यांचा मेळ. इंजिनं शेपटीजवळ असती तरी ही अडचण तशीच राहिली असती. हेही अनुमानच आहे, पण याला तपासता येण्याजोगे आकडे आहेत. फोटोवरून काढलेल्या निष्कर्षाला ते नाहीत.

तीच कल्पना पुन्हा

एकाच उदाहरणावर थांबायचं नसेल तर त्या कल्पनेची दुसरी उदाहरणं शोधायची. इथे दोन सापडतात.

पहिलं ब्राझीलचं. एम्ब्राएरने १९८९ मध्ये ईएमबी-१४५ जाहीर केलं तेव्हा त्याचीही इंजिनं पंखावरच होती, ब्राझिलिया या टर्बोप्रॉपवरून घेतलेल्या सरळ पंखावर. विंड टनेलमध्ये हवा तो वेग या रचनेत मिळेना. मग पंख मागे झुकवले, इंजिनं खाली आली. लँडिंग गिअर फार उंच व्हायला लागला तशी शेवटी ती शेपटीजवळ गेली. हे विमान ऑगस्ट १९९५ मध्ये उडालं. आपल्याकडे स्टार एअरने कोल्हापूर, बेळगाव भागात आणलेली ५० आसनी विमानं हीच. तुमच्यापैकी काहींनी त्यातून प्रवासही केला असेल.

दुसरं होंडाजेट, २००३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं छोटं बिझनेस जेट. त्याची इंजिनं पंखावरच आहेत. होंडाच्या मिचिमासा फुजिनो यांच्या गटाने इंजिनाची जागा पुढेमागे, वरखाली बदलून दाखवून दिलं की ठरावीक ठिकाणी ठेवलं तर जास्त वेगातला विरोध उलट कमी होतो. २०१५ मध्ये विमानाला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं.

म्हणजे निकाल 'पंखावर इंजिन वाईट' असाही नाही आणि 'चांगलं' असाही नाही. कोणत्या पंखावर, कोणत्या वेगाला, नेमकं कुठे, यावर तो अवलंबून आहे. ६१४ची वकिली करायला निघालात तर तीही घाईच होईल.

यशाच्या गोष्टींनाही हाच नियम लावा. एम्ब्राएरच्या या मालिकेतली विमानं हजाराच्या वर खपली, पण त्यात अमेरिकेतल्या वैमानिक संघटनांच्या करारांचा मोठा हात होता. मोठ्या कंपन्यांनी आपल्या सहयोगी कंपन्यांकडून किती आसनांची विमानं चालवून घ्यायची यावर त्या करारांत मर्यादा होत्या, आणि ५० आसनं ही त्यातली महत्त्वाची रेषा होती. फक्त तांत्रिक कामगिरी वाचून हे कळणार नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'अयशस्वी ठरलं' हे वाक्य पुढच्या वेळी दिसलं की तीन प्रश्न विचारा :

१. नेमकं काय फसलं : कल्पना, ती राबवण्याची पद्धत, की बाजार?
२. लेखकाने मोजमाप दिलंय की नुसता शेवट सांगितलाय?
३. तीच कल्पना दुसऱ्या परिस्थितीत कुणी वापरली आहे का, आणि तिथे काय झालं?

उत्तरं मिळाली नाहीत तर रिव्ह्यूमध्ये तसं स्पष्ट लिहा : 'कार्यक्रम बंद पडला, रचनेबद्दल यावरून निष्कर्ष काढता येत नाही.' गाईडला हे वाक्य कदाचित कोरडं वाटेल, पण व्हायवाला ते तुम्हाला वाचवेल. आणि कधीकधी तुमचा विषयच त्या वाक्यात सापडेल.

जाता जाता : बंद पडलेल्या या विमानांपैकी एक जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेने घेतलं, त्यात संगणकीय नियंत्रण बसवलं आणि इतर विमानांचं वागणं हवेत अनुभवण्यासाठी ते उडती प्रयोगशाळा म्हणून वापरलं. २०१२ पर्यंत ते कामात होतं. आता हे 'अयशस्वी'च्या रकान्यात घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्या विषयातलं असं एखादं उदाहरण असेल तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या पोस्टमध्ये त्यावर बोलू.