अभिप्राय कोणाचा?

यंत्राला विचार करता येतो का, या प्रश्नावर या मालेत बरंच बोलून झालं. आज थोडी वेगळी बाजू घेऊ. या यंत्रांवर संशोधन करणारी माणसं एकत्र येऊन जी विद्वत्सभा चालवतात, ती चालते कशी? कुणाला हा विषय कारकुनी वाटेल. मला तसं वाटत नाही. एखादं शास्त्र स्वतःला काय समजतं, हे त्याच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा त्याच्या परिषदांच्या कामकाजात जास्त दिसतं.

मी बोलतोय ते अमेरिकेतल्या 'ट्रिपल-ए-आय' या संस्थेबद्दल. स्थापना १९७९ची. पहिलं अधिवेशन १९८० साली स्टॅनफर्डला झालं, पहिले अध्यक्ष ॲलन न्यूएल. आता अध्यक्षीय भाषण म्हटलं की आपल्याकडे काय असतं ते तुम्ही जाणताच: पूर्वसूरींना वंदन, सद्यःस्थितीबद्दल खंत, आयोजकांचे आभार. न्यूएल यांनी हे भाषण वेगळ्याच कामाला लावलं. त्याच सुमारास ब्रॅखमन आणि स्मिथ या दोघांनी संशोधकांची पाहणी केली होती. ज्ञान यंत्रात मांडायचं म्हणजे तुमच्या मते नेमकं काय करायचं, असा एकूण रोख. उत्तरं इतकी भिन्न आली, की ही सगळी मंडळी एकाच विषयात काम करतात का, अशी शंका यावी. संस्था नवी, अधिवेशन पहिलं. दुसऱ्या एखाद्या अध्यक्षाने हे घरातलं भांडण घरातच ठेवलं असतं. न्यूएलनी ते सभेपुढे मांडलं आणि स्वतःचं उत्तरही दिलं: ज्ञान म्हणजे यंत्रात साठवलेली वस्तू नव्हेच; यंत्राची उद्दिष्टं आणि कृती पाहून आपण त्याच्याकडे जे आहे असं मानतो, ते ज्ञान.

मला हे उत्तर पुरत नाही. माहीत असूनही चुकणारा, विसरणारा, टाळाटाळ करणारा जो प्राणी आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्याला या मांडणीत नीट जागा नाही. मांडणी अपुरी आहे हे न्यूएल स्वतःही सांगतात. पण ते असो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर तत्त्वज्ञानाचा एक मास्तर त्या भाषणाशी अजून वाद घालू शकतो, ही त्या भाषणाची ताकद. वाद घालायला समोर एक माणूस आहे आणि त्याचं एक म्हणणं आहे.

पुढे १९८४ साली ऑस्टिनच्या अधिवेशनात या संस्थेने एक परिसंवाद ठेवला. त्याच्या शीर्षकातच 'अंधारयुग' होतं! आणि काळ कसला? तज्ज्ञप्रणालींच्या कंपन्या निघत होत्या, पैसा येत होता, भरभराट होती. अशा भर सुगीत ड्रू मॅकडरमॉट विचारतात, या फुगलेल्या अपेक्षा उद्या फसल्या तर आपलं काय होईल? रॉजर शँक, चंद्रशेखरन वगैरे मंडळी त्यावर नावानिशी बोलतात, आणि संस्थेचं नियतकालिक ते सगळं छापतं. १९८७च्या सुमारास लिस्प यंत्रांचा बाजार कोसळला. भाकीत खरं ठरलं म्हणून मी हे सांगत नाहीये. आपल्याच व्यासपीठावर दुष्काळाची चर्चा लावणं हे विद्वत्सभेचं काम. व्यापारी मंडळ ते सहसा करणार नाही.

२००७ मध्ये संस्थेने नाव बदललं. आद्याक्षरं तीच ठेवली, पण 'अमेरिकन' गेलं आणि 'ॲडव्हान्समेंट' आलं. कारण समजण्यासारखं आहे, सभासद जगभरचे झाले होते. तरी मला तो शब्द खुपतो. प्रगती कशाची? कृत्रिम बुद्धिमत्तेची, की तिच्याविषयीच्या आपल्या समजेची? या दोन गोष्टी एक नव्हेत.

मार्च २०२५ मध्ये संस्थेच्या अध्यक्षीय समितीने एक मोठा अहवाल काढला. काम चांगलं आहे, त्यामागचे लोक जाणते आहेत. पण गाजला कुठला भाग? पाहणीतला आकडा! ४७५ जणांनी उत्तरं दिली, आणि आजच्याच पद्धती मोठ्या करत गेल्याने सर्वसाधारण बुद्धिमत्ता हाती लागणार नाही, असं ७६ टक्क्यांना वाटलं. ठीक. मलाही तसंच वाटतं. पण टक्केवारीशी वाद कसा घालायचा, सांगा बरं?

आता मुख्य मुद्दा. आज अशा संस्थेची बहुतेक शक्ती एकाच कामात जाते: आलेले निबंध घ्यायचे की नाकारायचे. शेकड्यांचे हजार झाले, आता हजारांचे दहा-वीस हजार. नेमणूक, शिष्यवृत्ती, पुढचा पगार, सगळं त्या होकारावर. आणि हा होकार किती भरवशाचा? २०१४ मध्ये 'न्यूरिप्स' या दुसऱ्या परिषदेत कोरिना कॉर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी फार धीटपणे १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. एका समितीने स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले. २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा केला, निकाल फारसा बदलला नाही. एवढं कळूनही यंत्रणा तशीच चालू आहे, कारण थांबणं कुणालाच परवडत नाही.

मग २०२६च्या अधिवेशनासाठी ट्रिपल-ए-आयने एक प्रयोग केला. माणसांच्या अभिप्रायांना जोडून यंत्राने लिहिलेला एक अभिप्रायही द्यायचा. त्याने गुण द्यायचे नाहीत, निर्णय माणसांचाच. सावधपणे केलंय, मान्य. पण शब्द बघा. 'अभिप्राय' म्हणजे नुसता शेरा नव्हे, अभिप्राय म्हणजे हेतूसुद्धा. 'तुमचा अभिप्राय काय?' असं विचारतो तेव्हा तुम्हाला काय म्हणायचंय, हे विचारतो. म्हणजे कुणालातरी काही म्हणायचं असावं लागतं. याच मॅकडरमॉटनी १९७६ मध्ये सहकाऱ्यांना टोचून सांगितलं होतं, की प्रोग्रॅमच्या तुकड्याला 'आकलन' असं नाव दिलं म्हणून त्याला आकलन होत नाही. आता संस्थाच प्रोग्रॅमने लिहिलेल्या मजकुराला अभिप्राय म्हणते. त्यातून गणितातली चूक सापडेल, सुटलेला संदर्भ सापडेल. जरूर घ्या. त्याला तपासणी म्हणा.

नाहीतर निबंध नाकारलेल्या विद्यार्थ्याने भांडायचं कुणाशी? निनावी परीक्षकाशी भांडणं अवघड होतंच, पण त्या नावाआड कुणीतरी होतं. मला विचाराल तर संस्थेने दरवर्षी शंभर निबंध निवडावेत, प्रत्येकावर दोघांकडून नावानिशी टीका लिहून घ्यावी आणि लेखकाच्या उत्तरासह ती नियतकालिकात छापावी. वीस हजारांत शंभर म्हणजे काहीच नाही, हे कबूल. टीका लिहायला माणसं मिळतील का, हा प्रश्न आहे. त्यांचा तो वेळ कुठल्याही बढतीत धरला जात नाही.