यंत्राची नाडी, माणसाचा ठोका

‘आय फील लव्ह’ हे गाणं हेडफोन लावूनच ऐकावं. बेसचा स्वर डाव्या कानात वाजतो, त्याचा पडसाद क्षणार्धात उजव्या कानात उमटतो. दोन्ही मिळून चाल दुप्पट वेगाने धावू लागते. १९७७ साली म्युनिकमध्ये हे घडवलं जॉर्जिओ मोरोडर या इटालियन निर्माता-संगीतकाराने, पीट बेलॉट या साथीदारासह. त्या काळचा मूग सिंथेसायझर थोड्याच वेळात बेसूर व्हायचा. त्यामुळे काही सेकंदांचे तुकडे ध्वनिमुद्रित करायचे, पुन्हा सूर जुळवायचा, पुढचा तुकडा घ्यायचा, असं ते काम चाललं. बास ड्रमचा ठोका मात्र मूगमधून हवा तसा दमदार निघेना. तो कीथ फोर्सी या ड्रमरने वाजवला आणि या सगळ्यावर डॉना समरचा हलका, तरंगता आवाज आला. माझ्या मते मोरोडरची खरी शिकवण या जोडणीत आहे: नाडी यंत्राची, पण ठोका आणि श्वास माणसाचा.

मोरोडर पुढे चित्रपटसंगीताकडे वळला. त्यासाठी हवं असलेलं आणखी एक कसब त्याच्याकडे आधीच होतं. १९७५ चं ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ एलपीवर जवळजवळ १७ मिनिटं चालतं. रेडिओसाठी त्याचीच छोटी आवृत्ती निघाली. एकच कल्पना नाचणाऱ्यांसाठी लांबवायची आणि रेडिओसाठी आटोपशीर करायची, ही डिस्कोची रोजची गरज होती. दृश्याच्या मापाने संगीत बेतणाऱ्यालाही हेच तर करावं लागतं.

म्हणून अ‍ॅलन पार्कर या दिग्दर्शकाने ‘मिडनाइट एक्सप्रेस’ या चित्रपटासाठी (१९७८) ‘आय फील लव्ह’च्या धर्तीचं काहीतरी मागितलं, तेव्हा मोरोडर गडबडला नाही. ‘चेस’ या तुकड्यात वाद्यवृंदाचा गडगडाट नाही. पळणाऱ्या माणसाच्या छातीतली धडधडच सिंथेसायझरवर ऐकू येते. या पार्श्वसंगीताला ऑस्कर मिळालं. पुढे आर्ट बेलच्या ‘कोस्ट टू कोस्ट एएम’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाची ओळखधून म्हणून ‘चेस’ रात्री-अपरात्री वाजत राहिली. पडद्यावरचं चित्र गेलं, तरी त्या सुरावटीतली रात्र उरली.

ऐंशीच्या दशकात ‘अमेरिकन जिगोलो’, ‘फ्लॅशडान्स’ आणि ‘टॉप गन’मधल्या त्याच्या गाण्यांनी चित्रपट आणि रेडिओ यांची गाठ घट्ट बांधली. यातल्या शेवटच्या दोन चित्रपटांच्या गाण्यांना ऑस्करही मिळालं. ‘फ्लॅशडान्स’च्या गाण्याचे शब्द आयरीन कॅराबरोबर लिहिणारा होता तोच ड्रमर, कीथ फोर्सी. पण या यशाची किंमतही होती. गाणं चित्रपटाचं राहिलं नाही, त्याची जाहिरात होऊ लागलं. १९८४ मध्ये फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाला मोरोडरने पॉप गाणी जोडली, तिथे ही मर्यादा उघडी पडते. लांगची चित्रं आपल्या मौनातून जे बोलतात, त्यावर गाण्यांचे शब्द कुरघोडी करतात. प्रयोग धाडसी होता, पण फसला.

आज ‘स्ट्रेंजर थिंग्ज’सारख्या मालिकांतून ती सिंथची नाडी पुन्हा ऐकू येते. पण कितीतरी थरारपटांत दृश्य कुठलंही असो, खाली तीच स्पंदनं अखंड चालू असतात. लॅपटॉपवर ती क्षणात जुळतात आणि कधी बेसूर होत नाहीत. म्हणूनच ती अंगावर येतात, पण आत शिरत नाहीत. कारण वारसदारांनी यंत्र घेतलं आणि फोर्सीला वगळलं.

मर्म ओळखलं ते डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीने. यंत्रमानवाचे मुखवटे घालणाऱ्या या दोघांनी २०१३ मध्ये मोरोडरवर गाणं केलं, तेव्हा त्याच्याकडून सुरावट मागितली नाही, त्याचं बोलणं मागितलं. स्टुडिओतला तो म्हातारा आवाज आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगतो, मग सिंथेसायझर धावू लागतो, आणि त्याच्या जोडीला ड्रमवर असतो ओमर हकीम, हाडामांसाचा माणूस.